आबांची काळी ट्रंक : फौजेत राहिलेल्या वडिलांबद्दल काय लिहून ठेवावं?

हिरण्यकेशी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आबा जाऊन अडीच महिने झाले. वय ७४. गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावातून १९६८ साली, अठराव्या वर्षी बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. १९८६ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. लोक समजतात तिथं नोकरी संपली, पण त्यानंतर बावीस वर्षं ते साखर कारखान्याच्या गेटवर होते, आणि रात्रपाळी करून आल्यावर दुपारपर्यंत रानात.

परवा त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव. आत लोकरी जर्सी, अॅल्युमिनियमचं मेस टिन, डिस्चार्ज बुक, एका रुमालात बांधलेली मेडलं आणि मनीऑर्डरच्या पावत्यांची जाडजूड चळत, भोक पाडून सुतळीत ओवलेली. मी सगळ्या तारीखवार लावल्या. जवळजवळ दर महिन्याची एक. फक्त नोव्हेंबर १९७१ नंतर एकदम जानेवारी १९७२ ची आहे, आणि ती नेहमीच्या साठऐवजी एकशेवीस रुपयांची.

डिसेंबर ७१ मध्ये लढाई होती एवढं कळतं. पण ते कुठं होते? आम्ही लहानपणी विचारायचो तेव्हा एकच उत्तर यायचं, "होतं ते झालं. जेव आता."

वर्षश्राद्धाला नातवंडांसाठी पंधरा-वीस पानांची पुस्तिका करायची आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जे बोललेच नाहीत त्यांचं आयुष्य कुठून शोधायचं? आणि तुमच्या घरी असे वडील असतील, तर त्यांच्यातलं काय लिहून ठेवावंसं वाटतं?

पश्चिमवारा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आबांना नमस्कार. लिहाच. माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली, मी लिहायचं लिहायचं म्हणत राहिलो आणि आता त्यांचे दोन्ही पलटणवाले मित्रही गेले. पहिलं काम हे करा: त्यांच्याबरोबर असलेला कुणी हयात असेल तर या आठवड्यात जाऊन भेटा.

पेन्शनर_सुभेदार | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

हिरण्यकेशी, तुमच्या आबांना जय हिंद.

माणूस बोलला नाही तरी मेडलं बोलतात. रुमाल सोडा आणि एकेक हातात घ्या. गोल मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि रेजिमेंट बारीक अक्षरात कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराचं एखादं असेल तर मधली अक्षरं वाचा. 'पूर्वी स्टार' असेल तर ७१ मध्ये ते बांगलादेशाच्या बाजूला होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पंजाब, राजस्थान किंवा काश्मीरच्या आघाडीवर. संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्यांना मिळालं, त्यावरून जागा कळत नाही. सैन्य सेवा मेडल असेल तर त्याच्या फितीवर आडवी पट्टी बघा. तिच्यावर 'हिमालय' किंवा 'जम्मू-काश्मीर' असं काही असेल. तिथं त्यांनी दिवस काढलेत असं समजा.

एक विनंती. मेडलं चकचकीत करायला जाऊ नका. चिंच नको, राख नको, पितळेचं पॉलिश तर मुळीच नको. कोरलेलं झिजतं. अंधाऱ्या खोलीत बॅटरी बाजूनं तिरकी धरा आणि भिंगातून वाचा.

डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, कोर्स, जखम झाली असेल तर तिची नोंद, शेवटचा हुद्दा आणि चारित्र्याचा शेरा असतो. शेऱ्यात 'अनुकरणीय' लिहिलेलं असेल तर ते पहिल्या पानावर छापा. तो शेरा उगाच मिळत नाही.

ओवी | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नका.

माझे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) सालाना सुट्टीवर यायचे तेव्हा मी चुलीमागं लपायचे. दोन महिने घरात एक मोठा, करड्या आवाजाचा माणूस असायचा आणि आई एकदम वेगळी वागायची. त्याची सवय होईपर्यंत तो बिस्तारबंद बांधून निघालेला असायचा. मी चौथीत असताना त्यांनी मला विचारलं होतं, "तू कितवीत?" त्या प्रश्नाचा राग मी पुढं वीस वर्षं धरला.

आता मी स्वतः आई आहे. वर्षातले दहा महिने आपल्या मुलीपासून लांब राहायचं आणि ती कितवीत गेली ते पत्रातून कळून घ्यायचं, हे त्यांना किती जड गेलं असेल ते आता समजतं. पण तेव्हा जड मलाही गेलं होतं. पुस्तिकेत फक्त शौर्य लिहू नका. त्यांचं नसणंही लिहा. तेही घरानं भोगलेलं आहे.

तांबडी_माती | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१०

ओवीताई, मला हे पटत नाही. वर्षश्राद्धाची पुस्तिका आहे. त्यात तक्रार कशाला? आमचे अण्णाही वर्षाचे दहा महिने बाहेर असायचे, पण त्यांच्या पैशावर तीन बहिणींची लग्नं झाली, घर झालं, मी इंजिनिअर झालो. त्या माणसाला मी 'तुम्ही नव्हता' असं कसं म्हणू?

ओवी | १३ नोव्हेंबर, दुपारी २:४५

तक्रार म्हणून नाही हो. दादांनी काय दिलं ते मला माहीत आहे. देताना त्यांचं स्वतःचं काय गेलं, ते लिहिलं नाही तर नातवंडांना कळणार कसं? माझं बालपण त्यांनी पाहिलं नाही. हा तोटा माझ्यापेक्षा त्यांचा जास्त होता.

तांबडी_माती | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

असं म्हणता होय. मग पटलं.

घाटरस्ता | १३ नोव्हेंबर, रात्री ९:००

माझे वडील लढाईत नव्हते. एएससीत ड्रायव्हर होते, म्हणजे सैन्याला रेशन, रॉकेल, कपडे, दारूगोळा पोहोचवणारे. गावात कुणी "किती मारले?" असं विचारलं की ते गप्प बसायचे आणि मला लहानपणी त्याची लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

मी २०१४ साली लेहला गेलो, श्रीनगरहून गाडीनं. झोजी ला हा घाट साडेअकरा हजार फुटांवर आहे. तेव्हा डांबर नव्हतं, एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला खाली बघवत नाही असा उतार. मी मागच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसलो होतो. या रस्त्यावरून माझे वडील भरलेला तीन टनी ट्रक घेऊन कॉनव्हॉयमध्ये जायचे. हिवाळ्यात घाट बंद होण्याआधी वरच्या जवानांचं सहा महिन्यांचं सामान पोहोचवायचं असायचं. एकाची गाडी बंद पडली की मागचे सगळे अडकायचे, म्हणून ते रात्री गाडीखाली झोपून पहाटे इंजिन गरम करायचे.

परत आल्यावर मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, "नाना, झोजी ला बघून आलो." त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गुमरीपाशी पाणी वाहत होतं का रस्त्यावरून?" मग दोन तास बोलले. उभ्या आयुष्यात तेवढे बोलले नव्हते.

हिरण्यकेशी, लढाई एक-दोन आठवड्यांची असते. अठरा वर्षांच्या नोकरीतले बाकीचे दिवसही लिहा.

कृष्णामाई | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

घाटरस्ता, वाचताना डोळे भरले.

मी सातारची. आमच्याकडं अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा दगडी स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणी ना कुणी फौजेत. माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. आजी सांगायची की पोस्टमन गल्लीत शिरला की बायका आधी त्याच्या हाताकडं बघत. अंतर्देशीय पत्र असेल तर जीव खाली पडायचा. तारेचा कागद असेल तर कुणाच्या दारात थांबतो इकडं सगळी गल्ली श्वास रोखून.

जुना_वाचक | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

विषयांतर होतंय, पण महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो. हिरण्यकेशी, आईंच्या फॅमिली पेन्शनचं झालं का? आमच्याकडं आईचं नाव डिस्चार्ज बुकात एक, आधारवर दुसरं. माहेरचं नाव आणि सासरचं नाव. त्यात पाच महिने गेले.

पेन्शनर_सुभेदार | १४ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

बरोबर आठवण केलीत. हे घरोघरी होतं. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि आईंची बँकेची कागदं घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नावात फरक असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते. मराठ्यांचं रेकॉर्ड बेळगावलाच आहे, तुम्हाला जवळ आहे. पेन्शन 'स्पर्श'वर (फौजी पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) गेलेली असेल तर तिथंही नोंद लागते. पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात आईंचा हयातीचा दाखला चुकवू नका. आईंना एकट्या पाठवू नका, सोबत जा.

हिरण्यकेशी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्शनचा अर्ज झाला आहे. आईचं नाव सुदैवानं जुळलं, कारण आबांनीच ते बारा वर्षांपूर्वी कार्यालयात खेटे घालून दुरुस्त करून ठेवलं होतं. अर्जाची पोच ट्रंकेतच होती.

आज रात्री दिवे घालवून, बॅटरी तिरकी धरून मी आणि माझी मुलगी मेडलं वाचायला बसलो. सुभेदारसाहेब, तारा आहे. पूर्वी स्टार. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर 'जम्मू-काश्मीर'. गोल मेडलांच्या कडेवर आबांचा नंबर आणि नाव. मुलीनं बोटानं एकेक अक्षर चाचपून वाचलं.

डिस्चार्ज बुकात पलटणीचा नंबर १ आहे. १ मराठा. चारित्र्याचा शेरा: अनुकरणीय.

पेन्शनर_सुभेदार | १५ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

जंगी पलटण! हिरण्यकेशी, तुमचे आबा जंगी पलटणीचे. १७६८ सालची ही पलटण.

मग डिसेंबर ७१ चं सांगतो. १ मराठा तेव्हा कर्नल ब्रार यांच्या हाताखाली ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती. मेघालयाच्या गारो टेकड्यांच्या बाजूनं ही ब्रिगेड आत उतरली. आधी कमालपूरचं ठाणं पडलं, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा. नदी ओलांडून मराठे वळसा घालून जमालपूरच्या मागं जाऊन बसले, ढाक्याकडं जाणारा रस्ता अडवून. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. आपल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. तिकडच्या कर्नल सुलतान अहमदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली.

१० डिसेंबरच्या रात्री बलुच शहरातून बाहेर पडले, वाट फोडून ढाक्याकडं जायला. वाटेवर मराठे खंदकात. रात्रभर हल्ले झाले, मराठे हलले नाहीत. ११ तारखेला जमालपूर पडलं. तिथून टांगाईल, आणि १६ तारखेला ढाका.

आणखी एक गोष्ट. ११ तारखेला टांगाईलजवळ विमानातून छत्रीनं उतरली ती २ पॅरा पलटण. ही मूळची ३ मराठा. म्हणजे वरून आलेले मराठे आणि पायी आलेले मराठे तिथं एकमेकांना भेटले.

एकवीस वर्षांचा पोरगा त्या महिन्यात मनीऑर्डर कुठून पाठवणार? जानेवारीत दोन्ही महिन्यांची एकदम पाठवली.

पश्चिमवारा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. साठ अधिक साठ. हे पुस्तिकेत यायलाच हवं.

कोकणकडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आमचे बाबा नौदलात होते, दापोलीकडचे. ७१ मध्ये दुसऱ्या जहाजावर होते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, तिचे कॅप्टन मुल्ला जहाज न सोडता गेले. बाबांचे दोन बॅचवाले त्यात होते. दर ९ डिसेंबरला बाबा संध्याकाळी बंदरावर जाऊन बसत, काळोख झाला की परत येत. आई त्या दिवशी मासे करायची नाही. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

उंबरठा | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

मी इटलीत राहते. आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठ्यांबरोबर इथं लढले एवढंच घरी ऐकलेलं. इथं आल्यावर शोध घेतला. माणगावचे यशवंत घाडगे, ३/५ मराठा, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिकेचं स्मारक उभं राहिलं आहे. मी मुलांना घेऊन गेले. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं खुणेनं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, "मराठा." तिला कळलं की नाही माहीत नाही, पण तिनं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

पणजोबांचं एकही पत्र उरलेलं नाही. हिरण्यकेशी, तुमच्याकडं पावत्यासुद्धा आहेत. स्कॅन करून ठेवा, सुतळी सोडू नका.

ओवी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

सगळं वाचतेय, ऊर भरून येतो. पण हिरण्यकेशी, तुमच्या पहिल्या लेखात एक वाक्य होतं. पेन्शनवर आल्यावर बावीस वर्षं कारखान्याच्या गेटवर आणि दुपारपर्यंत रानात. लढाईवर चार दिवस बोलणं झालं, त्या बावीस वर्षांवर कुणीच नाही. ती वर्षं तर त्यांनी तुमच्यासोबत काढली.

आणि आई हयात आहेत ना? त्यांना विचारलंत?

हिरण्यकेशी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:००

ओवीताई, विचारलं नव्हतं. तुमचं वाचून काल विचारलं. हे तुमच्यामुळं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी आईपुढं ट्रंकेतल्या पावत्या ठेवल्या. ती उठली आणि देव्हाऱ्याच्या मागून बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत मनीऑर्डरची कुपनं. पैसे देताना पोस्टमन मजकुराचा जो तुकडा फाडून द्यायचा, ती. १९७३ ला लग्न झाल्यापासूनची सगळी. पाठवणाऱ्याच्या पावत्या त्यांच्या ट्रंकेत आणि घेणारीची कुपनं हिच्या डब्यात. पन्नास वर्षं एकाच घरात, आणि दोघांनी एकमेकांना दाखवलेली नाहीत.

कुपनावर जागा बोटभर. आबा पोस्टकार्डाइतकं लिहायचे त्यात. एक उतरवून देतो: "रु. १५०. विहिरीला ५०. धाकटीच्या औषधाला २०. बाकी घरी. म्हशीला वैरण कमी करू नये. मी खुशाल." दुसऱ्या एकावर नुसतं: "पाणी लागले वाचून आनंद झाला." आमची विहीर म्हणजे वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांनी खणलेली आहे, हे मला बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. फंडाच्या पैशातून झाली असं मी समजत होतो.

मग आईला म्हटलं, आबांचं जमालपूरचं असं असं कळलंय, लिहू ना? ती म्हणाली, "लिही की. पण त्ये बी लिही, मी दवाखान्यात हुते तवाचं."

१९८८ ची गोष्ट. आईचं ऑपरेशन झालं, महिनाभर ती कोल्हापूरला दवाखान्यात. घरी आम्ही तीन भावंडं आणि आबा. धाकटीचे केस कमरेपर्यंत, आणि शाळेत दोन वेण्या सक्तीच्या. आबा रात्रपाळी करून सकाळी सात वाजता यायचे, अंगावर खाकी तशीच, हात धुवायचे आणि तिला पुढ्यात घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी वेणी सुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरखंडाला घालतात तसा पीळ घालून शेवटाला फौजेतली गाठ मारली. शाळा सुटेपर्यंत हलली नाही. घरी आल्यावर आम्हाला सोडवता येईना, आबाच उठले दुपारच्या झोपेतून आणि सोडवली. महिनाभर रोज. एक दिवसही ती विंचरल्याशिवाय शाळेत गेली नाही.

हे मी विसरलो होतो. धाकटीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "विसरतेय कशी? मी माझ्या पोरीला तीच गाठ घालते."

पश्चिमवारा, तुमचंही ऐकलं. आबांच्या पलटणीतले एक काका चंदगडकडं आहेत, ८१ वर्षांचे. रविवारी आईला घेऊन चाललोय. आई म्हणाली, त्यांच्यासाठी घरच्या गुळाची ढेप घ्यायची, आबा दरवर्षी द्यायचे.

पेन्शनर_सुभेदार | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:००

काकांना माझा जय हिंद सांगा. फार प्रश्न विचारू नका. गूळ द्या, बसा, ते स्वतः बोलतील. सांगताना थांबले तर थांबू द्या.

घाटरस्ता | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

पुस्तिका छापल्यावर एक प्रत मला हवी आहे. नानांना वाचून दाखवीन. त्यांची नजर आता गेली आहे.

हिरण्यकेशी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

नक्की. तुमच्यासाठी एक ध्वनिमुद्रणही करतो असं म्हणणार होतो, पण नाना तुमच्याच आवाजात ऐकू देत.

नवी_सभासद | २० नोव्हेंबर, रात्री ११:५०

पहिल्यांदाच लिहितेय. धागा सलग वाचून काढला. माझे पप्पा महार रेजिमेंटमध्ये होते, श्रीलंकेत १९८७ ला गेले होते. मागच्या वर्षी वारले. त्यांची मेडलं आईनं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, सगळी काळी पडलीत. कडेवर काहीतरी आहे पण वाचता येत नाही. कशानं पुसू?

हिरण्यकेशी | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:४५

पुसू नका. आधी पिशवीतून काढा आणि कोरड्या सुती रुमालात ठेवा. रात्री खोलीत अंधार करा, बॅटरी बाजूनं तिरकी धरा, भिंग घ्या. आणि आईंना शेजारी घेऊन बसा.